सरकारला ‘थांबा’ म्हणणार कोण?

५ डिसेंबर १९३६ रोजी सोव्हिएत संघाने नवी राज्यघटना स्वीकारली. भाषणाचे, वृत्तपत्रांचे, सभा भरवण्याचे, रस्त्यावर मिरवणूक काढण्याचे स्वातंत्र्य तिने नागरिकांना दिले. न्यायालयाच्या निर्णयाशिवाय किंवा सरकारी अभियोक्त्याच्या मंजुरीशिवाय कोणाला अटक होणार नाही, असे तिच्यात कलम होते. न्यायाधीश स्वतंत्र असतील आणि फक्त कायद्याला बांधील राहतील, असेही तिच्यात लिहिलेले होते. पुढच्या दोन वर्षांत त्याच देशात साडेसहा लाखांहून अधिक माणसांना गोळ्या घालून मारले गेले. ही राज्यघटना तयार करणाऱ्या समितीतले एक सदस्य, निकोलाय बुखारिन, त्यांपैकीच एक. मार्च १९३८ मध्ये त्यांना मृत्युदंड देण्यात आला.

हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकते, याचे उत्तर शोधू लागलो की घटनात्मक शासन म्हणजे काय हे बरेचसे उलगडते. त्या घटनेतले स्वातंत्र्याचे कलम ‘कष्टकरी जनतेच्या हिताला अनुसरून’ अशा अटीने सुरू होत होते. जनतेचे हित कशात आहे हे पक्ष ठरवणार, आणि पक्षात शेवटचा शब्द स्टालिनचा. न्यायाधीश पक्षाच्या मर्जीतले, वर्तमानपत्रे सरकारी, निवडणुकीत प्रत्येक जागेला एकच उमेदवार, आणि पोलीसही त्याच हाताखाली. कलम मोडले गेले तर माणसाने दाद मागायची कोणाकडे? ज्याने मोडले त्याच्याकडेच.

राज्यघटना आज जगातल्या जवळपास प्रत्येक देशाकडे आहे. त्यातल्या कित्येक देशांत घटनात्मक शासन नाही. उलट ब्रिटन आणि न्यूझीलंड या देशांकडे ‘राज्यघटना’ म्हणून दाखवता येईल असा एकच दस्तऐवज नाही, तरीही तिथल्या सरकारांना मन मानेल तसे वागता येत नाही. म्हणजे खरा फरक छापील पुस्तकाचा नाही. सत्ता चालवणाऱ्याला ‘हे तुम्हाला करता येणार नाही’ असे सांगणारा कोणीतरी आहे का, तो त्या सत्ताधाऱ्याच्या मुठीबाहेर आहे का, आणि त्याने सांगितल्यावर सत्ताधाऱ्याला खरोखर थांबावे लागते का, यावर सगळे ठरते. संसद, न्यायालये, हक्कांची यादी, राज्यांचे अधिकार, निवडणुका ही सगळी मांडणी त्या एका ‘थांबा’साठी केलेली आहे, असे मी मानतो. पुढचे सगळे त्याच नजरेने वाचावे.

राजासुद्धा कायद्याखाली

इतिहासात हा विचार टप्प्याटप्प्याने, भांडणातून आणि रक्तपातातून पुढे सरकला. १२१५ मध्ये इंग्लंडच्या सरदारांनी जॉन राजाला रनिमीड येथे एका सनदेवर शिक्का उमटवायला लावले. तीच मॅग्ना कार्टा. कोणाही स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्या लोकांनी केलेल्या न्यायनिवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कैद करता येणार नाही, हे तिच्यातले सर्वांत टिकाऊ कलम. त्या काळी ‘स्वतंत्र माणूस’ म्हणजे सगळे लोक नव्हेत. जमिनीला बांधलेले भूदास त्यात येत नव्हते. काही आठवड्यांतच पोपने ती सनद रद्दबातल ठरवली. तरी पुढच्या राजांना ती पुन्हा पुन्हा जाहीर करावी लागली, कारण राजालाही नियम असतो ही कल्पना एकदा कागदावर आली होती आणि ती कोणी विसरायला तयार नव्हते.

पुढे १६०७ मध्ये जेम्स राजाच्या मनात आले की खटल्याचा निवाडा आपण स्वतःच करावा. न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी त्याला सांगितले की, महाराजांची बुद्धी थोर आहे, पण कायदा दीर्घ अभ्यासाने आणि अनुभवाने कळतो. राजा कोणा माणसाच्या हाताखाली नाही, पण तो देवाच्या आणि कायद्याच्या हाताखाली आहे. राजा संतापला. काही वर्षांनी कोक यांचे न्यायाधीशपद गेले. ते पद राजाच्या मर्जीवर होते, म्हणूनच गेले. हा धडा इंग्लंडने लक्षात ठेवला आणि १७०१ च्या कायद्याने न्यायाधीशांना सद्वर्तन असेपर्यंत पदावर राहण्याची हमी दिली.

कायद्याचे राज्य म्हणतात त्याचा गाभा हाच. नियम आधी जाहीर झालेले असावेत, सर्वांना सारखे लागू असावेत, नियम करणाऱ्यालाही लागू असावेत, आणि काल गुन्हा नसलेल्या गोष्टीसाठी आज नवा कायदा करून शिक्षा देऊ नये. नुसते कायदे असणे याला पुरत नाही. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाने कुठे राहावे, कुठे काम करावे, कोणाशी लग्न करावे, या प्रत्येक गोष्टीला कायदा होता. ज्यांच्यावर तो चालवला जाई त्यांना मत नव्हते, आणि त्या कायद्याला आव्हान देता येईल असा वरचा नियमही नव्हता.

राजांना वेसण घालणारी सर्वांत परिणामकारक गोष्ट मात्र तत्त्वज्ञान नव्हती, पैसा होता. चार्ल्स पहिला याने १६२९ पासून ११ वर्षे संसद न बोलावता राज्य केले. स्कॉटलंडशी युद्ध पेटल्यावर तिजोरी आटली आणि १६४० मध्ये त्याला संसद बोलवावीच लागली. पुढे यादवी युद्ध झाले, राजाचा शिरच्छेद झाला, राजेशाही गेली आणि परतही आली. शेवटी १६८९ च्या हक्कांच्या सनदेने ठरवले की संसदेच्या संमतीशिवाय कर नाही, शांततेच्या काळात खडे सैन्य नाही, आणि कायदा स्थगित करण्याचा अधिकार राजाला नाही. आज भारतीय संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदात कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही असे एकाच वाक्यात म्हटले आहे. त्या एका वाक्यामागे हा सगळा संघर्ष आहे. अर्थसंकल्प दरवर्षी मंजूर करून घ्यावा लागतो यातही तेच शहाणपण आहे. सरकारला पैसा एकदाच कायमचा मिळाला, तर संसदेसमोर येण्याची गरजच उरत नाही.

तीन कामे वेगळ्या हातांत

१७४८ मध्ये फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यू यांनी मांडले की कायदा करणे, तो राबवणे आणि त्यावरून निवाडा देणे ही तीन कामे एकाच माणसाकडे किंवा एकाच मंडळाकडे गेली की स्वातंत्र्य संपते. तर्क साधा आहे. जो कायदा करतो तोच राबवणार असेल, तर तो आपल्याला सोयीचा कायदा करेल. आणि तोच निवाडाही देणार असेल, तर आपण चुकलो असे तो कधीच म्हणणार नाही.

१७८७ मध्ये अमेरिकेची राज्यघटना लिहायला फिलाडेल्फियात जमलेल्या प्रतिनिधींनी हा विचार जवळजवळ जसाच्या तसा घेतला, पण त्याला एक जोड दिली. तिन्ही शाखा नुसत्या वेगळ्या ठेवून भागत नाही, त्यांना एकमेकींच्या कामात पाय घालता आला पाहिजे. राष्ट्राध्यक्षाला विधेयक नाकारता येते, काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दोन-तृतीयांश मतांनी तो नकार उलटवता येतो, न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सुचवतो पण संसदेच्या सिनेट या सभागृहाच्या संमतीशिवाय नेमणूक होत नाही, आणि महाभियोगाने राष्ट्राध्यक्षालाही हटवता येते. यामुळे कामे रेंगाळतात, तक्रारी होतात, आणि त्या खऱ्याही असतात. पण सरकार सावकाश चालणे हा या रचनेतला दोष नाही. ते मुद्दाम केलेले आहे. सत्ता फार वेगाने धावली की तिच्याखाली कोण चिरडले गेले हे मागाहून कळते.

संसदीय पद्धतीत ही विभागणी इतकी स्वच्छ दिसत नाही. ब्रिटन, भारत, जर्मनी या देशांत सरकार संसदेतल्या बहुमतातूनच तयार होते, म्हणजे कायदा करणारे आणि राबवणारे बरेचसे एकाच बाजूचे असतात. इथे लगाम वेगळ्या जागी आहे: सभागृहाचा विश्वास गेला की सरकार गेले. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मते पडली. एका मताने सरकार पडले आणि पंतप्रधानांनी राजीनामा दिला. देशाचे सैन्य, पोलीस, तिजोरी हाताशी असलेला माणूस एका मताच्या फरकाने पायउतार होतो, आणि तसे होणारच हे सगळे गृहीत धरून चालतात. हे गृहीत धरता येणे किती दुर्मीळ आहे याची जाणीव इतिहास वाचल्याशिवाय होत नाही.

जर्मनीने या पद्धतीत एक सुधारणा केली. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात तिथे परस्परविरोधी पक्ष सरकार पाडायला एकत्र येत, पण नवे उभे करायला कोणीच तयार नसे. म्हणून १९४९ च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे तिथल्या राज्यघटनेत, अट आली की चॅन्सेलरला (सरकारच्या प्रमुखाला) हटवायचे असेल तर त्याच मतदानात त्याचा वारस निवडावा लागेल. १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल आले ते असेच.

संघराज्य ही सत्ता वाटण्याची आणखी एक रीत. इथे वाटणी केंद्र आणि राज्ये यांच्यात होते. अमेरिकेत घटनेने केंद्राला जे दिलेले नाही ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहते. भारतात उरलेले विषय केंद्राकडे जातात. स्वित्झर्लंडमध्ये २६ कँटन, म्हणजे तिथली राज्ये, आहेत आणि घटना बदलायची तर देशभरातल्या मतदारांचे बहुमत आणि कँटनांचेही बहुमत, दोन्ही लागतात. फ्रान्स, जपान असे अनेक देश संघराज्य नसूनही घटनेने नीट चालतात, त्यामुळे ही अट अनिवार्य नाही. मोठ्या आणि विविध भाषांच्या देशांना मात्र तिचा आधार फार मोठा असतो.

निवडून न आलेल्या न्यायाधीशाचे ऐकायचे का?

घटनात्मक शासनावरचा सर्वांत गंभीर आक्षेप न्यायालयांविषयीचा आहे. लोकांनी निवडलेल्या संसदेने कायदा केला आणि कोणीही न निवडलेल्या काही न्यायाधीशांनी तो रद्द केला, तर ही लोकशाही कसली? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही.

न्यायालयाने कायदा घटनेच्या कसोटीवर तपासून रद्द करण्याची प्रथा अमेरिकेत १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यापासून रुळली. गंमत अशी की अमेरिकी घटनेत हा अधिकार स्पष्ट शब्दांत कुठेच दिलेला नाही. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी तो युक्तिवादाने काढला. घटना हा सर्वोच्च कायदा असेल, तर तिच्याशी विसंगत कायदा हा कायदाच नव्हे, आणि कायदा काय आहे ते सांगणे हे न्यायालयाचे काम. भारताच्या घटनाकारांनी तो प्रश्न मोघम ठेवला नाही. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता शून्यवत असेल असे १३ व्या अनुच्छेदात लिहिले, आणि हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग ३२ व्या अनुच्छेदात स्वतःच एक मूलभूत हक्क केला. सगळे देश मात्र असे करत नाहीत. नेदरलँड्सची घटना न्यायालयांना संसदेच्या कायद्याची घटनात्मकता तपासायला मनाई करते, आणि ब्रिटनमध्ये न्यायालय संसदेचा कायदा रद्द करू शकत नाही.

तरी ब्रिटनमध्येही न्यायालय सरकारला थांबवते. २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून संसद पाच आठवड्यांसाठी तहकूब करण्यात आली. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की संसदेला योग्य कारणाशिवाय तिचे काम करण्यापासून रोखणारा हा सल्ला बेकायदा होता, म्हणून संसद तहकूब झालीच नाही. दुसऱ्या दिवशी खासदार पुन्हा सभागृहात बसले. इथे न निवडलेले न्यायाधीश निवडलेल्या संसदेच्या विरोधात उभे राहिले नव्हते, तिच्या बाजूने उभे राहिले होते.

आणखी एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. कोरियन युद्ध चालू असताना, एप्रिल १९५२ मध्ये, अमेरिकेत पोलाद कामगारांचा संप होऊ घातला. पोलादाशिवाय युद्धसाहित्य नाही, म्हणून राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. काँग्रेसने असा कायदा केलेला नव्हता. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की राष्ट्राध्यक्षाला हा अधिकार नाही. त्या नऊही न्यायाधीशांची नेमणूक आधीचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनीच केलेली होती, आणि ट्रुमन यांनी नेमलेल्या चौघांपैकी दोघांनी त्यांच्या विरोधात मत दिले. ट्रुमन यांना निकाल अजिबात पटला नाही. त्यांनी कारखाने परत केले. संप झाला. युद्ध चालू असलेल्या देशाचा प्रमुख, स्वतः नेमलेल्या न्यायाधीशांचे, न पटलेले म्हणणे ऐकतो, यात घटनात्मक शासनाचे सारे काही आले.

न्यायाधीशाला असे वागता यावे म्हणून त्याची नोकरी आणि पगार सरकारच्या रागलोभापासून दूर ठेवलेले असतात. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवायचे तर गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध व्हावी लागते आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते. याचा अर्थ न्यायालये कधी चुकत नाहीत असा नाही. ती चुकतात, आणि कधी कधी फार वाईट चुकतात. त्याचे एक उदाहरण पुढे येईलच.

बहुमत असले तरी

निवडणूक जिंकणे म्हणजे सगळे मिळणे नव्हे, हे लोकांना समजावून सांगणे सर्वांत अवघड जाते. बहुमताने सरकार निवडावे हे बरोबर, पण बहुमताने एखाद्याचा धर्म, बोलण्याचा हक्क किंवा जीव काढून घ्यावा का? मूलभूत हक्क म्हणजे मतदानाला न टाकण्याच्या गोष्टींची यादी. ती लोकप्रिय माणसाच्या फारशी उपयोगी पडत नाही, कारण त्याला तिची गरज नसते. ती एकट्या पडलेल्या, न आवडणाऱ्या, थोड्या लोकांच्या बाजूच्या माणसासाठी असते.

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या मुलांचा खटला आला. धार्मिक श्रद्धेमुळे ती शाळेत राष्ट्रध्वजाला ठरलेली वंदना करत नसत. देशभक्तीचे वारे जोरात असताना न्यायालयाने त्या मुलांच्या बाजूने निकाल दिला आणि तीनच वर्षांपूर्वीचा स्वतःचा उलटा निकाल फिरवला. १९८६ मध्ये भारतात त्याच पंथाच्या, केरळमधल्या तीन भावंडांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितले. दोन्ही ठिकाणी बहुसंख्य लोकांना विचारले असते, तर उत्तर कदाचित वेगळे आले असते. म्हणूनच तो प्रश्न लोकांना विचारला गेला नाही.

घटना बदलायची कशी, आणि कुठपर्यंत

बदलता न येणारी घटना मोडते, आणि सहज बदलणारी घटना निरुपयोगी ठरते. म्हणून बहुतेक देशांत घटनादुरुस्ती साध्या कायद्यापेक्षा कठीण ठेवलेली असते. अमेरिकेत सव्वादोनशेहून अधिक वर्षांत फक्त २७ दुरुस्त्या झाल्या, आणि त्यातली शेवटची १७८९ मध्ये सुचवलेली आणि १९९२ मध्ये पक्की झालेली आहे. ऑस्ट्रेलियात दुरुस्तीला देशभर बहुमत आणि बहुसंख्य राज्यांतही बहुमत लागते. आजवर ४५ प्रस्तावांपैकी ८ मंजूर झाले. भारतात तुलनेने सोपे आहे आणि शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या आहेत.

पण प्रक्रिया नीट पाळून घटनेचा जीवच घेता येतो का? जर्मनीने याचे उत्तर फार महाग शिकले. २३ मार्च १९३३ रोजी जर्मन संसदेने दोन-तृतीयांशाहून अधिक मतांनी ठरवले की हिटलरच्या मंत्रिमंडळाला संसदेशिवाय, घटनेविरुद्ध जाणारे कायदेसुद्धा करता येतील. कम्युनिस्ट खासदारांना आधीच अटक झाली होती किंवा सभागृहाबाहेर ठेवले होते. विरोधात मत दिले ते सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या ९४ सदस्यांनी. त्या देशाची १९१९ ची घटना नाझींनी औपचारिकपणे कधी रद्दच केली नाही. तशी गरजच पडली नाही. म्हणून १९४९ च्या मूलभूत कायद्यात मानवी प्रतिष्ठा, लोकशाही आणि संघराज्य यांच्या मूळ तत्त्वांना कोणत्याही बहुमताने हात लावता येणार नाही, असे कलम घातले.

भारताच्या संविधानात असे कलम नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने ठरवले की संसद संविधानात दुरुस्ती करू शकते, पण त्याची मूलभूत चौकट नष्ट करू शकत नाही. या निकालावर टीका झाली आणि अजून होते. चौकटीत काय येते हे न्यायाधीशच ठरवणार, हा आक्षेप हलका नाही. तरी १९३३ चे जर्मनी आठवले की ही कुठेतरी आखलेली रेघ मला आवश्यक वाटते. बांगलादेशच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८९ मध्ये हाच विचार स्वीकारला.

जे कुठेच लिहिलेले नसते

ब्रिटिश राजाने किंवा राणीने संसदेने मंजूर केलेले विधेयक शेवटचे नाकारले ते १७०८ मध्ये. त्यानंतर नाकारता येणार नाही असा कायदा कोणी केला नाही; तसे करायचे नसते, इतकेच. जॉर्ज वॉशिंग्टन दोन कार्यकाळांनंतर पायउतार झाले आणि जवळजवळ दीडशे वर्षे कोणत्याही राष्ट्राध्यक्षाने ती मर्यादा ओलांडली नाही. १९४० मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा निवडून आले, आणि मग १९५१ मध्ये ती मर्यादा घटनेत लिहावी लागली.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी याच कोपऱ्याकडे बोट दाखवले होते. संविधानाला हात न लावता, फक्त प्रशासनाची रीत बदलून, त्याचा आत्मा विकृत करणे अगदी शक्य आहे, असे त्यांनी बजावले. संविधानिक नैतिकता ही आपोआप येत नाही, ती जोपासावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असे त्यांचे म्हणणे होते; प्रशासनाचे तपशीलही संविधानात घालण्याचे एक कारण त्यांनी हेच दिले. आपले संविधान इतके लांबलचक का, असे विचारणाऱ्याने हे उत्तर वाचायला हवे.

आणीबाणी: खरी परीक्षा

युद्ध, बंड, महासंकट अशा वेळी सरकारला जास्त अधिकार लागतात हे खरेच. म्हणून बहुतेक घटनांत आणीबाणीची तरतूद असते, आणि बहुतेक घटना मोडतात त्याही याच दारातून. जर्मनीच्या १९१९ च्या घटनेतले ४८ वे कलम राष्ट्राध्यक्षाला वटहुकूम काढण्याचा आणि हक्क स्थगित करण्याचा अधिकार देत होते. १९३२ पर्यंत संसदेच्या कायद्यांपेक्षा वटहुकूमच जास्त निघू लागले होते. हिटलर येण्याआधीच संसदेला बाजूला सारण्याची सवय लागली होती.

भारतात २५ जून १९७५ च्या रात्री ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण देऊन आणीबाणी जाहीर झाली. पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींनी रात्री सही केली; मंत्रिमंडळाची मंजुरी दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली गेली. एक लाखाहून अधिक लोक खटल्याशिवाय तुरुंगात गेले. आपल्याला बेकायदा डांबले आहे असे कैदी म्हणाला, तर न्यायालय त्याचे ऐकेल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायाधीशांनी सांगितले की आणीबाणी असेपर्यंत ऐकणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात राहिले. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत सरकार हरले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीची कलमे बारकाईने पुन्हा लिहिली. ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र बंड’ आले. मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवणे आवश्यक झाले. संसदेने एका महिन्यात विशेष बहुमताने मान्यता द्यायची, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग आणीबाणीतही बंद करता येणार नाही, असे ठरले. १९७६ चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठात स्पष्ट शब्दांत रद्द ठरवला. त्यातला मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, १९७६ च्या बहुमतात असलेल्या न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांचे चिरंजीव.

दक्षिण कोरियाची घटना १९८७ ची, लष्करी राजवटीविरुद्धच्या मोठ्या जनआंदोलनानंतर आलेली. मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारण्याचा अधिकार तिने राष्ट्राध्यक्षाकडे ठेवला, पण संसदेच्या एकूण सदस्यांच्या बहुमताने मागणी केली तर तो उठवावाच लागेल अशी अट ७७ व्या कलमात घातली. संसद विसर्जित करण्याचा राष्ट्राध्यक्षाचा अधिकारही काढून घेतला. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-यओल यांनी दूरचित्रवाणीवरून मार्शल लॉ जाहीर केला. राजकीय हालचालींवर, संसदेच्या कामकाजावरही, बंदी घालणारा आदेश निघाला आणि सैनिक संसदेच्या इमारतीत पोहोचले. नागरिक बाहेर जमले, काही खासदार कुंपणावरून चढून आत शिरले. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास ३०० पैकी १९० सदस्य सभागृहात होते आणि त्या सगळ्यांनी मार्शल लॉ उठवण्याच्या बाजूने मत दिले. त्यांत राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचेही काही सदस्य होते. पहाटे तो उठवण्यात आला.

१४ डिसेंबरला संसदेने महाभियोग मंजूर केला. ४ एप्रिल २०२५ रोजी घटना न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमताने राष्ट्राध्यक्षांना पदच्युत केले. मार्शल लॉ पुकारण्याजोगी परिस्थिती नव्हती, मंत्रिमंडळाच्या बैठकीची रीत पाळली गेली नव्हती, आणि संसदेत सैन्य पाठवून तिच्या अधिकारावर आक्रमण झाले होते, अशी कारणे न्यायालयाने दिली. रिकाम्या पदासाठी ६० दिवसांच्या आत निवडणूक घेतली पाहिजे, असे घटनेत होते. ती ३ जूनला झाली.